मिळून भाजी पिकवायला जागा शोधताय? या चुका टाळा

जागा बघायला श्रावणात जाऊ नका. आम्ही पाच कुटुंबांनी नेमकं तेच केलं. पुण्याच्या पूर्वेला, तासाभराच्या अंतरावर दहा गुंठे. बांधावर गुडघाभर गवत, विहीर काठोकाठ भरलेली. त्याच दिवशी होकार देऊन आलो. मार्चच्या मध्यावर त्याच विहिरीत वाकून पाहिलं, तर तळाला हातभर पाणी. मोटर पंधरा मिनिटं चालायची आणि मग नुसती हवा ओढायची. फुलावर आलेली काकडी वाफ्यातच माना टाकून सुकली.

तेव्हापासून विचारेल त्याला सांगते, जागा होळीनंतर बघा. तेव्हा विहिरीला पाणी असेल तर पावसाळ्याची काळजी नाही. विहीर सामाईक आहे का, असल्यास आपली पाळी कधी, हेही तिथेच उभं राहून विचारा. आणि लाईटचं विचारायला विसरू नका. शेतीपंपाला थ्री फेज वीज बऱ्याच गावांत ठरावीक तासच असते, त्यातही काही दिवस रात्रीची. रात्री दोनला मोटर चालू करायला शहरातून कोण जाणार? उंचावर टाकी ठेवून वीज मिळेल तेव्हा ती भरून घ्यायची आणि दिवसा ठिबकने पाणी द्यायचं, हा मार्ग आम्हाला लागू पडला.

दुसरी चूक माणसं ओळखण्यातली. मालक म्हणतो, "कागद नको, तोंडीच ठरवू." आपल्याला वाटतं, हा फसवणार. खरं तर तोच घाबरलेला असतो. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि जमीन कसणारी कुळं त्या जमिनीची मालक मानली गेली. कसणाऱ्याला न्याय देणारा तो कायदा होता, पण ज्यांची जमीन गेली त्या घरांत दुसऱ्याला जमीन लावायला द्यायची धास्ती आजही आहे. म्हणून पहिल्याच भेटीत भाडेकराराचा मसुदा पुढे करू नका. आमच्याकडे नांगरट, मशागत आणि राखण मालकाच्याच हाती ठेवली, त्याचे पैसे त्याला दिले, पीकपाहणीत, म्हणजे जमीन कोण कसतो याच्या सरकारी नोंदीत, नावही त्याचंच राहिलं. एवढं मोकळेपणी बोलल्यावर हंगाम किती, रक्कम किती, पाणी कुणाचं, जागा सोडायची झाली तर उभ्या पिकाचं काय, हे लिहून घ्यायला तोच तयार झाला. तो कागद जमिनीची कामं करणाऱ्या वकिलाला दाखवूनच सही करा.

त्याआधी सातबारा ऑनलाइन काढून बघा. त्यावर भावा-बहिणींची नावं असतील तर त्यांच्याशीही बोला. एका भावाने दिलेला शब्द दुसरा मोडतो, आणि तोही नेमका पीक तयार असताना.

"त्यापेक्षा दोन गुंठे विकतच घ्या ना," असं सुचवणारे भेटतील. मेथी-पालकासाठी त्या भानगडीत पडू नका. बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि तुकडेबंदीची, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडून विकायला असलेल्या मनाईची, अडचण वेगळीच.

शहरातली मोकळी जागा मिळत असेल तर आधी फूटभर खणून बघा. राडारोडा, काच, थर्माकोल निघालं तर जमिनीत न लावता वर वाफे भरा. आणि नाल्याचं पाणी चुकूनही वापरू नका. रेल्वे आपली रुळांलगतची जमीन कर्मचाऱ्यांना भाजीसाठी लावायला देत आली आहे. कल्पना किती चांगली! पण मुंबईत त्यातल्या काही ठिकाणी सांडपाण्यावर पालक-माठ पिकला आणि त्या भाजीवरचा विश्वासच उडाला.

सोसायटीची गच्ची हीसुद्धा जागाच आहे, मात्र तिथे माती ओतू नका. फूटभर ओल्या मातीचं वजन चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास जातं. वावरायच्या गच्चीवर येणारा भार साधारण दीडशे किलो धरलेला असतो. पालापाचोळा, उसाची चिपाडं, नारळाच्या शेंड्या यांचे थर आणि वर थोडं कंपोस्ट, एवढ्यावर भाजी उत्तम येते. तरीही इंजिनिअरला विचारा आणि वॉटरप्रूफिंग तपासून घ्या.

गट मोडतात ते मात्र बहुतेक भेंडीपायी. सगळे रविवारी जाणार आणि लावणार भेंडी, गवार. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. रविवारपर्यंत ती जून होते, बोटाने मोडून बघावं तर दोरा निघतो. मग ज्याचं घर जवळ तोच एकटा राबतो आणि दोन महिन्यांत कंटाळतो. पहिल्या हंगामात थांबणारी पिकं घ्या: कांदा, बीट, रताळी, लाल भोपळा, हळद. मेथी लावायचीच तर अख्खा वाफा एकदम पेरू नका. दर आठवड्याला दोन ओळी पेरा, म्हणजे महिन्याभराने दर रविवारी प्रत्येक घराला एकेक जुडी मिळायला लागते.