‘गाडी लागली असेल’ म्हणून पुढे जाऊ नका: कुत्र्यासोबतच्या कॅम्पर प्रवासात या चुका टाळा

एप्रिल महिना. सांगलीहून पेठ नाका, कऱ्हाड, सातारा, वाई, पसरणी घाट करत तापोळ्याला पोहोचायचं, शिवसागर जलाशयाच्या काठी कॅम्पर (मागे झोपायची सोय असलेली आमची गाडी) लावायची आणि संध्याकाळचा चहा तिथे घ्यायचा, असा बेत होता. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. आम्ही दोघं आणि भुंगा, आमचा चार वर्षांचा काळा लॅब्राडोर. चहा शेवटी वाईत एका गॅरेजच्या पत्र्याखाली घेतला, तोही रात्री आठ वाजता. एकच मोठी चूक झाली असती तर कदाचित वेळीच लक्षात आली असती. आमच्या सगळ्या लहान होत्या, आणि एकीने दुसरीला झाकलं.

भरल्या पोटी निघालो

पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, निघालो साडेनऊला. त्याआधी भुंग्याला वाडगाभर दहीभात घातला, का तर “दिवसभर उपाशी राहील बिचारा.” खाणं आणि प्रवास यांत निदान तीन-चार तास हवेत. सकाळी लवकर निघायचं असेल तर जेवण आदल्या रात्री उरकायचं आणि वाटेत फक्त पाणी द्यायचं. कुत्र्याला गाडी लागते तेव्हा उलटीच्या आधी तो खुणा देतो: सारखे ओठ चाटणं, जांभया, लाळेची तार. कऱ्हाडच्या अलीकडे हे सगळं झालं, मग उलटी. आम्ही साफसफाई केली, “गाडी लागली,” म्हणालो आणि निघालो. इथपर्यंतचं निदान बरोबरच होतं. गोंधळ पुढे झाला, कारण नंतरची प्रत्येक गोष्ट आम्ही याच खात्यावर टाकली.

पुढे थंड, मागे भट्टी

बऱ्याच छोट्या कॅम्परमध्ये एसीची हवा ड्रायव्हरच्या केबिनपुरती असते. आमच्याही. मागे पलंग, कपाटं, त्यात पडदा. तिथली हवा कोंडलेली. भुंग्यासाठी छोटा पंखा होता, तो दुसऱ्या बॅटरीवर चालणारा. ती बॅटरी आम्ही आदल्या रात्री फ्रीज चालू ठेवून पार उतरवून ठेवली होती. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते हे वाचलेलं होतं. वाचलेलं असणं आणि मीटर बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साताऱ्याजवळ जेवायला थांबलो. ढाब्यावर चार भटकी कुत्री, म्हणून भुंग्याला गाडीतच ठेवलं. काचा चार-चार बोटं खाली, पंखा चालू. वीस मिनिटांत येतो म्हणालो, पण पिठलं-भाकरी यायलाच वीस मिनिटं गेली. परत आलो तेव्हा पंखा बंद होता. बाहेर २४ अंश सेल्सिअस असतानाही बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ अंशांपर्यंत पारा चढतो, आणि काचा थोड्या उघड्या ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. एप्रिलात साताऱ्यात बाहेरच २४ कुठून असणार? कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. तो धापेवर थंड होतो, आणि आजूबाजूची हवाच तापलेली असेल तर धापही कामाची नाही.

आता आमचा नियम साधा आहे: दोघांपैकी एकजण खातो, दुसरा कुत्र्यासोबत सावलीत. पार्सल तर सगळ्यात उत्तम. शिवाय मागच्या भागात त्याच्या उंचीवर एक स्वस्तातला तापमापक चिकटवलाय. आपल्याला केबिनमध्ये बसून काय वाटतं, याला काही अर्थ नसतो.

घाटात इंजिनही तापलं

खरं तर साताऱ्यात मुक्काम करायला हवा होता. पण नवरा म्हणाला, “अगं, आता काय, दीड-दोन तासांत पोहोचतोय.” मीही मान डोलावली. आनेवाडीचा टोल, पाचवड फाटा, वाई. दुपारी अडीचला पसरणी घाट चढायला लागलो. सामान खच्चून, पाण्याची टाकी काठोकाठ, एसी पूर्ण. निम्म्या घाटात तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकला.

अशा वेळी एसी बंद करून हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता केबिनमधून बाहेर पडते, आणि सुरक्षित जागा दिसेपर्यंत हळू जायचं. युक्ती खरी आहे, पण गाडीत आधीच तापलेला कुत्रा असेल तर हीटर लावणं म्हणजे त्याला तव्यावर ठेवणं. त्यामुळे क्रम बदलतो: पहिली रुंद जागा मिळेल तिथे थांबा, कुत्र्याला सावलीत उतरवा, मग इंजिनाकडे बघा. बॉनेट उघडा; रेडिएटरचं झाकण मात्र गार होईपर्यंत उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली उकळत असतं, तोंडावर येतं.

दार उघडण्याआधी दोरी हार्नेसला, म्हणजे कुत्र्याच्या छातीवरच्या पट्ट्याला, अडकवा. आम्ही उलट केलं. समोर कठड्यावर माकडं, डाव्या हाताने वळणावरून येणारी एसटी, आणि भुंगा बाहेर. नवऱ्याने शेपटीकडून पकडला. त्यावर अजून बोलणं होत नाही आमच्यात.

तीन कारणं, एकच उलटी

घाटात तो दुसऱ्यांदा ओकला. “वळणं आहेत, गाडी लागली.” पण गाडी थांबून वीस मिनिटं झाली होती आणि धाप कमी होत नव्हती. इथे थांबून तीन प्रश्न विचारायला हवे होते.

गाडी थांबल्यावर अर्ध्या तासात बरं वाटतंय का? वाटत असेल तर बहुधा गाडीच लागली. धाप तशीच, हिरड्या गडद लाल, लाळ घट्ट, चाल डगमगती, असं असेल तर ऊन. गुदद्वारात तापमापक घालून बघा: १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नेहमीचं, १०४च्या वर गेलं की धोका. भुंग्याचं १०४.६ होतं. पोटावर, मांड्यांच्या आत, पंज्यांवर साधं पाणी ओतत राहायचं आणि वारा घालायचा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, उष्णता आत कोंडते. १०३च्या आसपास आलं की थांबा, आणि तरीही डॉक्टरांकडे जाच.

तिसरा प्रश्न: उलटीत काय आहे? हा आम्ही सगळ्यात शेवटी विचारला. उलटीत बेदाणे होते.

सांगलीची माणसं आम्ही, घरात तासगावचा बेदाणा नाही असं होत नाही. अर्ध्या किलोचा डबा पलंगाखाली, झाकण सैल. ढाब्यावर आम्ही भाकरी मोडत होतो तेव्हा यानेही जेवण उरकलं होतं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती खाल्ले तर चालतात असं सुरक्षित प्रमाण नाही. एखाद्याला थोड्यानेही बाधतं. टार्टारिक आम्ल हे कारण असावं असं २०२१ पासून मानलं जातं, आणि तेच आम्ल चिंचेत असतं, म्हणजे आमटी-भातही नको. कांदा आणि चॉकलेट तर नकोच.

विषबाधेत मिठाचं पाणी पाजून घरच्या घरी ओकवू नका, त्याने वेगळंच संकट येतं. खाऊन दोनेक तासांच्या आत डॉक्टरांपर्यंत पोहोचलात तर ते इंजेक्शनने उलटी करवतात, पुढे सलाईन आणि रक्ततपासणी. आम्ही दोन तासांची हद्द गाठत वाईत उतरलो. दवाखाना शोधायलाच पंधरा मिनिटं गेली, कारण वाटेवरचे पशुवैद्य आधी लिहून ठेवले नव्हते. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे हेही तिथेच कळलं. टोल फ्री १९६२ हा क्रमांक मुख्यतः गाईगुरांसाठी आहे, तरी फोनमध्ये असू द्या.

बाकीचं थोडक्यात

गळ्यातल्या बिल्ल्यावर चालू मोबाइल नंबर हवा. रेबीजच्या लसीचं कार्ड गाडीत हवं. कासच्या फुलांत किंवा कोयना अभयारण्यात कुत्र्याला न्यायचं मनातून काढून टाका. माणसांची क्रोसिन, ब्रुफेन त्याला देऊ नका. आणि नवरा-बायकोचं भांडण गाडी उभी केल्यावर करा; भुंगा तेव्हा पलंगाखाली शिरतो आणि हार्नेस काढून ठेवलेला असतो.

गाडीचं निदान गॅरेजवाल्या दादांनी बॉनेट न उघडताच केलं. “आवं ताई, गाडी न्हाई तापली, तुमी तापवलीया. भर दुपारी, एवढं वझं घिऊन, वरच्या गिअरात रेटलीसा.” पाण्याची टाकी अर्धी रिकामी करायला लावली, खालचा गिअर धरून पहाटे चढा म्हणाले, आणि पैसे फक्त कूलंटचे घेतले.

पहाटे आम्ही घाट चढलो नाही. तिसऱ्या दिवशीच्या रक्ततपासणीपर्यंत, म्हणजे ७२ तास, वाईतच राहिलो, रोज संध्याकाळी मेणवलीच्या घाटावर. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतात का हे दाखवणारा रक्तातला आकडा, नेहमीच्या मर्यादेत आलं. बेदाण्याचा डबा आता वरच्या कपाटात, कडी लावून असतो, आणि भुंगा त्या कपाटाखालीच झोपतो.