जुनं सामान विकलं आणि १०९९-के आला

अमेरिकेत घर बदलताना आम्ही फर्निचर, सायकली, एक जुनं घड्याळ ऑनलाइन विकलं. रक्कम २०२४ची ५,००० डॉलरची मर्यादा ओलांडून गेली आणि १०९९-के फॉर्म आला, म्हणजे ऑनलाइन विक्रीतून मिळालेल्या पैशांची नोंद; ठरावीक मर्यादेपुढे तो पाठवला जातो. त्याची प्रत आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्यालाही जाते, त्यामुळे तो बाजूला ठेवून चालत नाही. फॉर्मवर फक्त एकूण जमा असते, नफा नव्हे! म्हणून ईमेलमधून खरेदीच्या पावत्या शोधून काढल्या. तोट्यात गेलेल्या वस्तूंची रक्कम कर विवरणपत्राला जोडायच्या शेड्यूल १च्या अगदी वरच्या रकान्यात लिहिली. त्यावर कर नाही. घड्याळ मात्र नफ्यात गेलं, ते विक्रीतल्या नफ्या-तोट्याच्या फॉर्म ८९४९ वर दाखवलं. घरगुती वस्तूंचा तोटा या नफ्यातून वजा करता येत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. २०२५च्या केंद्रीय कायद्याने हा फॉर्म येण्याची मर्यादा पुन्हा २०,००० डॉलर आणि २०० व्यवहारांवर नेली, तरी मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात ती ६०० डॉलरच आहे. पावत्या जपाच.