जाहिरातीविना पहिली गिऱ्हाइकं: बेळगावात सॉफ्टवेअर विकताना या चुका टाळा

बेळगावात सॉफ्टवेअर बनवणारी पोरं कमी नाहीत. व्हीटीयू या तंत्रशिक्षणाच्या विद्यापीठाचं मुख्यालय इथं, इंजिनिअरिंग कॉलेजं इथं, आणि लॉकडाऊनमध्ये पुण्या-बेंगळुरूहून घरी आलेल्यांपैकी काहीजण परत गेलेच नाहीत. ॲप तयार होतं, वेबसाइट होते, लोगोसुद्धा होतो. मग प्रश्न येतो गिऱ्हाइकाचा. जाहिरातीला पैसे नसतात. असले तरी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला सीएनसीवाला (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) मालक फेसबुकवर जाहिरात बघून माल पाठवायच्या चलनाचं सॉफ्टवेअर घेईल ही आशा सोडा.

उदाहरण एकच घेतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. समजा तुम्ही जॉबवर्क करणाऱ्या मशीनशॉपसाठी सॉफ्टवेअर केलंय. फौंड्रीतून कास्टिंग (साच्यात ओतलेला धातूचा भाग) येतं, सीएनसी-व्हीएमसीवर मशीनिंग होतं, तयार माल चलनावर परत जातो. आलं किती, गेलं किती, रिजेक्ट किती, शिल्लक किती, एवढाच हिशेब. उद्यमबाग-मच्छे भागातल्या बऱ्याच शेडमध्ये हा हिशेब आजही कार्बन लावलेल्या चलनबुकात आणि उरलेला मालकाच्या डोक्यात असतो.

गिऱ्हाईक कोण हेच न ठरवणं

"आमचं सॉफ्टवेअर सगळ्या छोट्या उद्योगांना चालतं" असं सांगणाऱ्याकडून कुणी काही घेत नाही. ऐकणाऱ्याला त्यात आपलं काम दिसतच नाही. खडे बाजारातलं कापड दुकान, रविवार पेठेतला ठोक व्यापारी, वडगावचा यंत्रमागवाला, निपाणीचा तंबाखू व्यापारी, या चौघांच्या उधारीच्या रीती वेगळ्या, मालाची मापं वेगळी, हंगाम वेगळे. एक धंदा धरा, एक वसाहत धरा. "दोन ते दहा मशीन, दुसऱ्याचं कास्टिंग मशीनिंग करून देणारं, पूर्णवेळ अकाउंटंट नसलेलं शॉप" इतकं नेमकं ठरलं की कुणालाही विचारता येतं, "असं कोण आहे ओ तुमच्या ओळखीत?" समोरच्याला लगेच दोन नावं आठवतात. "कुणाला सॉफ्टवेअर पाहिजे काय?" असं विचारलं तर एकही आठवत नाही.

फुकट वापरायला देणं

पहिलं गिऱ्हाईक मामा, दुसरे वडिलांचे मित्र, तिसरा वर्गमित्राचा भाऊ. तिघांनाही फुकट. तिघेही "मस्त केलंयस की रे!" म्हणतात, तिघेही वापरत नाहीत आणि वापरत नाही असं सांगतही नाहीत, कारण घरातल्या पोराचं मन कोण मोडणार? हे कौतुक घेऊन सहा महिने निघून जातात.

पैसे घ्या. महिन्याला पाचशे का असेनात, पण आगाऊ आणि पहिल्या महिन्यापासून. पैसे मोजलेला माणूस रात्री नऊला फोन करून भांडतो, आणि सुरुवातीला तुम्हाला तेच भांडण हवंय. सवलत द्यायचीच असेल तर बदल्यात काहीतरी मागा: सुपरवायझरचा आठवड्यातून अर्धा तास, किंवा ओळखीच्या दुसऱ्या शॉपला तुमच्यासमोर लावलेला एक फोन. आणि "कायमचं फुकट" हा शब्द तोंडातून काढू नका, सर्व्हरचं बिल दर महिन्याला येतं.

इथं कुणीतरी झिरोधा या शेअर दलालीच्या कंपनीचं उदाहरण देतोच. 2010 मध्ये बेंगळुरूत सुरू झालेली ती कंपनी जाहिरातीवर पैसा न ओतता वाढली हे खरं. पण तिथं सौद्यामागे 20 रुपयांची सरसकट दलालीच लोकांच्या तोंडी जाहिरात करत होती. टक्क्याने दलाली मोजणाऱ्याला तो फरक पहिल्याच दिवशी पैशात दिसत होता. तुमच्या सॉफ्टवेअरमुळे शॉपचे किती रुपये वाचतात हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येत नसेल, तर ते आपोआप पसरणारही नाही.

व्हॉट्सॲपवर मेसेजांचा पाऊस

कारखानदारांचा ग्रुप, माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप, गणपती मंडळाचा ग्रुप, सगळीकडे तोच पीडीएफ. ॲडमिन काढून टाकतो, बस. ब्रॉडकास्ट लिस्टवरही फार भिस्त ठेवू नका. एका लिस्टमध्ये 256 जण मावतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोहोचतो. अनोळखी नंबरांवर धडाधड पाठवत सुटलात आणि लोकांनी रिपोर्ट केलं, तर नंबरच बंद पडतो. धंद्याचा एकुलता एक नंबर गेला की असलेली गिऱ्हाइकंही तुटतात. व्हॉट्सॲप भेटीनंतर वापरा: बघून आलेल्या चलनाचा फोटो आणि तेच चलन तुमच्या पडद्यावर कसं दिसतं त्याचा फोटो, दोनच चित्रं, त्या एकाच माणसाला.

मालकाला केबिनमध्ये दाखवून परत येणं

माझ्या मते सगळ्यात महाग चूक ही. मालक चहा पाजतो, लॅपटॉपवरचे रंगीत आलेख बघतो, मान डोलावतो. चलन मात्र लिहितो बाहेरचा सुपरवायझर. संध्याकाळी टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, सुपरवायझरच्या हाताला कूलंट लागलेलं, आणि त्या दोन-तीन मिनिटांत त्याला नग मोजून चलन फाडायचं असतं. सॉफ्टवेअर टिकणार की जाणार ते तिथं ठरतं. आधी लॉगिन, मग ओटीपी, मग पार्टी निवडा, मग आयटम निवडा अशी वरात असेल तर तो दुसऱ्या दिवशी चलनबुक काढतो आणि मालकाला सांगतो, "ते नीट चालत नाही ओ."

म्हणून डेमोच्या आधी एक संध्याकाळ टेम्पोच्या वेळेला शेडमध्ये उभे राहा. लॅपटॉप पिशवीतच असू दे. जुनी चलनबुकं बघायला मागा. छापील रकान्यात 50 नग, आणि खाली पेनाने खरडलेलं: 47 ओके, 2 सीआर, 1 एमआर. सीआर म्हणजे कास्टिंग रिजेक्शन. मशीनवर लावल्यावर आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी निघाली, दोष फौंड्रीचा. एमआर म्हणजे मशीनिंग रिजेक्शन. टूल तुटलं, माप गेलं, दोष आपला, आणि कास्टिंगची किंमत आपल्या बिलातून कापली जाणार. शिवाय ब्लोहोल दिसेपर्यंत जे मशीनिंग झालं त्याची मजुरी द्यायची की नाही, हा तिसरा तंटा. महिनाअखेरीला कंपनी आणि जॉबवर्कवाला यांच्यात जी खडाजंगी होते ती बहुतेक यावरूनच. हे दोन रकाने ज्याच्या पहिल्याच पानावर वेगळे दिसतात त्याला आलेख दाखवायची वेळच येत नाही.

आणि तयार झालेल्या माणसाला "लिंक पाठवतो" म्हणून निघू नका. ऑनलाइन पैसे घेण्याची सोय देणाऱ्या स्ट्राइप कंपनीचे संस्थापक कॉलिसन बंधू सुरुवातीला कुणी वापरून बघतो म्हणाला की त्याचा लॅपटॉप मागून घेऊन तिथल्या तिथं जोडणी करून देत. आपल्याकडे त्याचा अर्थ असा, की आजची शिल्लक, पार्ट्यांची नावं, आयटमची नावं तुम्ही स्वतः शेडमध्ये बसून भरायची. आयटमचं नावही ते शॉपमध्ये ज्या नावाने ओळखतात तेच ठेवा, ड्रॉइंग नंबर बाजूला छोटा लिहा.

एकाचा हिशेब दुसऱ्याला दाखवणं

छाप पडावी म्हणून काहीजण शेजारच्या शॉपचं खातं उघडून दाखवतात. "बघा, हे पण वापरतात." समोरचा बघतो, हसतो आणि मनात ठरवतो, की उद्या माझे रेटही हा असेच दाखवत फिरेल. एकाच कंपनीचं काम शेजारी-शेजारी दोघे वेगवेगळ्या रेटने करत असतात, आणि रेट हे इथलं सगळ्यात मोठं गुपित. डेमोसाठी खोटी नावं, खोटे आकडे भरलेलं वेगळं खातं ठेवा. सुपरवायझरच्या लॉगिनला रेट दिसत नाहीत, हे न विचारता आधीच दाखवा. गिऱ्हाइकाचं नाव सांगायचं तर त्याला विचारून.

टॅलीशी वैर, सीएला बगल

"आता टॅलीची (हिशेबाच्या त्या जुन्या सॉफ्टवेअरची) गरज नाही" हे वाक्य ऐकलं की अर्धवेळ येणारा अकाउंटंट तुमचा विरोधक झालाच. टॅली 1986 पासून आहे, आणि त्याची बोटं तिच्यावर बसलीत. तुमचं बिल एक्सएमएल फाइलने थेट टॅलीत जातं एवढं दाखवा, तोच मालकाला "घ्या" म्हणेल.

सीएकडे जायचं तर दिवस बघून जा. जीएसटीच्या रिटर्नपैकी 11 तारखेला जीएसटीआर-1, 20 तारखेला 3बी, आणि 30 सप्टेंबरच्या आधी ऑडिट रिपोर्टची धावपळ. या तारखांच्या अलीकडचे चार दिवस सोडा. कमिशनचं बोलू नका, त्याने त्याच्या शब्दाचं वजन जातं आणि तुमचंही. त्याची अडचण सोडवा. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात. माल पाठवणाऱ्या कंपनीला आयटीसी-04 हा जॉबवर्कच्या मालाचा फॉर्म भरावा लागतो, 5 कोटींच्या वर उलाढाल असेल तर सहा महिन्यांनी, नाहीतर वर्षातून एकदा. त्या वेळी प्रत्येक जॉबवर्कवाल्याकडे फोन करून शिल्लक जुळवणं हे कटकटीचं काम असतं. तुमचा रिपोर्ट ती कटकट कमी करत असेल तर सीए स्वतःच दोन-चार जणांकडे पाठवतो.

यावरून काहींना सुचतं, की थेट मोठ्या कंपनीलाच धरावं, तिचे वीस जॉबवर्कवाले एकदम मिळतील. मिळतातही. पण कंपनीने गळ्यात घातलेलं सॉफ्टवेअर म्हणजे आपल्यावर पहारा असं शॉपवाल्याला वाटतं, आणि तो त्यात नेमकी उशिरा आणि अर्धी नोंद करतो. सुरुवात शॉपपासून केलेली बरी.

एकाच भाषेवर विसंबणं

मालक मराठी, सुपरवायझर कन्नड, ऑपरेटर बिहारचा, बिल इंग्रजीत. हे इथं रोजचंच. पडद्यावर इंग्रजी आकडे आणि मोजके शब्द चालतात, पण शिकवणं ज्याच्या-त्याच्या भाषेत हवं. दोन मिनिटांचे व्हिडिओ मराठीत आणि कन्नडात, दोन्ही करा. निपाणी-खानापुरात मराठीवर निभेल, बैलहोंगल-गोकाककडे नाही निभणार. तुमच्यातल्या कुणालाच कन्नड धड येत नसेल तर पहिला नोकर प्रोग्रामर घेऊ नका, फोनवर दोन्ही भाषांत न चिडता बोलणारी व्यक्ती घ्या.

हद्दीपलीकडे जायला घाबरणं

कोल्हापूर इथून शंभर-सव्वाशे किलोमीटर. गोकुळ शिरगाव, शिरोली इथं अगदी हेच काम चालतं. "दुसऱ्या राज्यात बिल करायचं म्हणजे जीएसटी नंबर घ्यावाच लागणार" या समजुतीपायी काहीजण निपाणीच्या पुढे जात नाहीत. मालाच्या बाबतीत तसा नियम आहे. सेवेला मात्र 20 लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत सूट आहे, आणि महिना-वर्गणीचं सॉफ्टवेअर सेवेतच धरतात. नोंदणी झाल्यावर महाराष्ट्रातल्या बिलावर आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीचा जीएसटी) लावायचा, इतकाच फरक. इथलं चौथं-पाचवं शॉप नीट चालू झालं की तिथल्या एखाद्या फौंड्रीवाल्याचं नाव इथल्याच गिऱ्हाइकाकडून घ्या. माल हद्द ओलांडून ये-जा करतो, तशी ओळखही करते.

तरीही अडलं तर

डेमोनंतर फोन उचलत नसतील, तर बहुधा निर्णय घेणारा माणूस त्या खोलीत नव्हता. भावाभावांच्या भागीदारीत पैशाचं बघणारा वेगळाच असतो, त्याची वेळ मागा. "दिवाळीनंतर बघू की" आलं, तर "दिवाळीपर्यंत फक्त एका पार्टीची चलनं याच्यावर करूया काय?" असं विचारा. याला तयार झाला तर तो गिऱ्हाईक, नाहीतर नाव खोडा आणि पुढच्या शेडकडे वळा.

पहिला महिना वापरून बंद केलं असेल, तर मालकाला कारण विचारू नका, शेवटची नोंद कधी झाली ते बघा. शनिवारी झाली असेल तर सोमवारी कोण आलं नव्हतं ते शोधा. बऱ्याचदा शिकलेला एकच पोरगा असतो आणि तो गावच्या जत्रेला गेलेला असतो. प्रत्येक शॉपमध्ये दोघांना शिकवा.

दरेकजण वेगळी सोय मागत असेल आणि तुम्ही होय होय म्हणत सुटला असाल, तर थांबा. तिघांनी न सांगता तीच मागितली तरच करा. एकट्यासाठी केलेली सोय पुढच्या प्रत्येक बदलात आडवी येते.

आणि चार-सहा महिने फिरूनही पैसे देणारं शॉप मिळालंच नाही, तर सॉफ्टवेअर टाकून देण्याआधी धंदा बदलून बघा. वडगावात मालक विणकराला सूत देतो आणि साडी मोजून घेतो. अथणीत चपलेचं काम घरोघरी वाटलं जातं. दिलेला माल, आलेला माल, खराब निघालेला, मजुरी, म्हणजे रकाने जवळजवळ तेच. सीआर-एमआर तिथं कुणाला कळणार नाही. तिथल्या लोकांच्या वह्या मागून घ्या आणि त्यात लिहिलेले शब्द पडद्यावर आणा.