नखे, केस, अंघोळ: स्पर्श न सोसणाऱ्या मुलाला घरी कसे हाताळावे

नेलकटर दिसताच किंचाळणारे मूल हट्टी आहे असे समजून दोघांनी हातपाय धरून नखे काढण्याची रीत अनेक घरांत असते. त्या दिवशी नखे निघतात, पण पुढच्या वेळी रडे अधिक लवकर सुरू होते. अमेरिकी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे जमावीत म्हणून मदत करणाऱ्या व्यवसायोपचार तज्ज्ञ) जीन एअर्स यांनी 1972 सालच्या आपल्या पुस्तकात अशा मुलांचा विचार वेगळ्या दिशेने मांडला. स्पर्श, तोल, स्नायू आणि सांधे यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांची मेंदूत नीट जुळणी झाली नाही, तर इतरांना साधा वाटणारा स्पर्श मुलाला नकोसा होतो, असे त्यांचे म्हणणे होते.

उपाय सुरू करण्यापूर्वी आठ दिवस नोंद ठेवावी. मूल कशाने बिथरले, त्याआधी काय चालले होते, ते भुकेलेले किंवा झोपेला आलेले होते का आणि शांत व्हायला किती वेळ लागला, एवढे लिहिले तरी पुरते. कित्येकदा या वहीतूनच कळते की तक्रार नखांची नसून संध्याकाळच्या वेळेची आहे. त्वचेचा विकार, नखाजवळची जखम किंवा कानाचे दुखणे नाही ना, हे मात्र डॉक्टरांकडून आधी तपासून घ्यावे.

नखे काढण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे जोर लागणारे काम द्यावे. कणीक मळणे, ओला टॉवेल पिळणे, पाण्याची अर्धी बादली उचलून नेणे किंवा भिंतीला दोन्ही हातांनी रेटणे, यांतले जे मुलाला आवडेल ते चालते. स्नायूंना ताण मिळाला की बरीच मुले निवतात, असा थेरपिस्टांचा अनुभव आहे. हलका, निसटता स्पर्श अशा मुलांना सहसा अधिक खुपतो. म्हणून तळहात आणि प्रत्येक बोट आपल्या मुठीत घेऊन, मुलाला चालेल तितके, घट्ट दाबावे. नखे अंघोळीनंतर मऊ असतात, तेव्हाच ती काढावीत. कोणते बोट धरणार ते आधी सांगावे, मोठ्याने तीन अंक मोजावेत आणि तिसऱ्या अंकालाच नख कापावे. एकावर कापून फसवले, तर मोजण्यावरचा त्याचा विश्वास उडतो. पहिल्या दिवशी एकच नख निघाले तरी थांबावे. दहा नखांना दहा दिवस लागले, तर लागू द्यावेत.

अंघोळीत तांब्या मुलाच्या हातात द्यावा, पाणी पायांपासून वर न्यावे आणि अंग घासून न पुसता टॉवेलने दाबून टिपावे. केस कापण्यासाठी गर्दी नसलेली वेळ ठरवावी, एकदा नुसते बघायला न्यावे आणि मशीनऐवजी कात्रीच वापरण्याची विनंती करावी. मानेवर पडलेले केसाचे तुकडे टोचत राहतात, म्हणून बदलायला सदरा बरोबर असावा. ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट बहुतेकजण विसरतात.

अंगावर ब्रश फिरवण्याची पद्धत, वजनदार पांघरूण किंवा झोक्यावर गरगर फिरवणे हे व्हिडिओ पाहून घरी करू नये. महाराष्ट्रात थेरपिस्ट निवडताना राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडील नोंदणी विचारावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातही चौकशी करता येते. संवेदनांवर आधारलेल्या अशा उपचारांच्या परिणामाचा पुरावा मर्यादित असल्याचे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्ये नमूद केले होते. त्यामुळे ‘मूल सुधारेल’ अशा मोघम आश्वासनावर पैसे भरत राहू नये. ‘दोन महिन्यांत एका हाताची नखे न रडता’ असे मोजता येईल असे उद्दिष्ट पहिल्याच भेटीत थेरपिस्टकडून लिहून घ्यावे, ती नोंदवही दर भेटीला बरोबर न्यावी आणि ठरलेल्या मुदतीत वहीत काहीच फरक दिसला नाही, तर पद्धत बदलायला सांगावे.