दम नेमका कुठे तुटतो? जिउ-जित्सू आणि कुस्तीच्या तयारीतल्या या चुका टाळा

मॅटवर तिसऱ्या मिनिटाला हात गळून पडले की बहुतेक जण एकच निदान करतात: स्टॅमिना कमी पडतोय. मग पहाटेचं धावणं वाढतं, संध्याकाळी बर्पी वाढतात, आणि महिन्याभराने त्याच तिसऱ्या मिनिटाला हात पुन्हा तसेच गळतात. मेहनत पुरेपूर झालेली असते, पण भलत्याच जागी. म्हणून व्यायामाचा तक्ता बदलण्याआधी दम कुठे आणि कसा तुटतो, ते नीट पाहावं.

क्लासमध्ये टिकता, स्पर्धेत पहिल्याच मिनिटाला धाप

हा सहसा फुफ्फुसांचा दोष नसतो. दडपण आलं की खेळाडू श्वास कोंडतो, जबडा आवळतो आणि गरज असो-नसो, समोरच्याच्या गीची (जिउ-जित्सूच्या जाड पोशाखाची) कॉलर पूर्ण ताकदीने धरून ठेवतो. सतत आवळलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, त्यामुळे तो लवकर थकतो.

खात्री करायची सोपी रीत आहे. ओळखीच्या जोडीदाराबरोबर हलक्या जोरावर दहा मिनिटं रोलिंग (सरावाची झटापट) करा आणि श्वास फक्त नाकाने घ्या. हे सहज जमलं तर तुमचा प्रश्न आखडण्याचा आहे, आणि तो धावून सुटणार नाही. खालच्या बाजूला अडकलेलं असताना आधी श्वास सोडायचा आणि मग हालचाल करायची, हीच सवय रोज घोटावी लागेल. हलक्या रोलिंगमध्येही धाप लागत असेल, तर मात्र पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

रोजच जीव काढणं

आयबीजेजेएफ या ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत प्रौढ गटाची व्हाइट बेल्टची लढत ५ मिनिटांची असते, ब्लू बेल्टची ६ आणि ब्लॅक बेल्टची १० मिनिटांची. फ्रीस्टाइल कुस्तीत ३-३ मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. या वेळात दहा-पंधरा सेकंदांचे स्फोट होतात, मधे थोडी संथ झटापट, पुन्हा स्फोट. दोन स्फोटांच्या मधे शरीर किती लवकर सावरतं, यावर शेवटचं मिनिट ठरतं. हे सावरणं हृदय-फुफ्फुसांच्या पायावर अवलंबून असतं, आणि तो पाया हलक्या, लांब व्यायामाने बांधला जातो.

नेमकं इथेच घोडं अडतं. धावणारे रोज एकाच मधल्या वेगाने धावतात, जो ना धड हलका ना धड कठीण. बाकीचे रोज उलटी येईपर्यंत सर्किट करतात आणि मग मॅटवर दमलेल्या अंगाने तंत्र शिकायला येतात. आठवड्यातून दोनदा ३० ते ४५ मिनिटं, बोलता येईल इतक्याच वेगाने धावा, सायकल चालवा किंवा पोहा. कठीण सत्र एकच पुरे: ३० सेकंद पूर्ण जोराने स्प्रॉल (पाय मागे फेकून पकड चुकवणं), शॉट (पायांवर झेप) किंवा सँडबॅग (वाळूची पिशवी) उचलणं, मग ९० सेकंद हलकी हालचाल, असे सहा ते आठ फेरे. बाकी कठीणपणा स्पारिंग देतंच. सकाळी उठल्यावरची नाडी काही दिवस नेहमीपेक्षा वर राहिली, झोप तुटू लागली आणि सोपे डावही फसू लागले, तर भर घालू नका, कमी करा.

जोर-बैठका ठेवल्या, दोर सोडला

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते, कारण उत्तर आपल्याच तालमीत होतं. जुन्या तालमीत जोर-बैठका होत्या, पण त्यांच्याबरोबर दोर चढणं होतं, मलखांब होता, गदा-मुद्गल होते आणि फावड्याने हौदा (आखाड्याची माती) उकरणंही होतं. जोरात ढकलणं आहे, बैठकीत मांड्या आहेत. ओढण्याची ताकद दोराने यायची, कंबर आणि पाठ फावड्याने घडायची. माती सुटून मॅट आली तशी उकरण्याची गरज संपली, छताला दोर बांधायला जागा राहिली नाही, आणि आकड्यात मोजता येणाऱ्या जोर-बैठका तेवढ्या शिल्लक राहिल्या.

ग्रॅपलिंग, म्हणजे पकडीची झुंज, हा मुख्यतः ओढण्याचा खेळ आहे. कॉलर खेचणं, डबल लेग (दोन्ही पायांची पकड) घेऊन उचलणं, पाठीवर चिकटून राहणं, सगळ्यात पाठ, कंबर आणि पुठ्ठे राबतात. नुसते जोर मारत राहिल्याने खांदे पुढे झुकतात आणि पुढून दुखू लागतात. खांदा दुखतो म्हणून आलेल्या खेळाडूला आधी विचारा, आठवड्यात पुल-अप किती आणि रोइंग किती? उत्तर बहुतेक वेळा ‘शून्य’ असतं.

आठवड्यातून दोनदा डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) किंवा रोमानियन डेडलिफ्ट, पाच-पाचचे तीन सेट. प्रत्येक ढकलण्याच्या व्यायामामागे निदान एक ओढण्याचा. दोर मिळाला तर उत्तमच, नाहीतर बारवरून जुना गी टाकून त्याला लटका. गार्ड (पाठीवर पडून पायांनी समोरच्याला रोखणं) खेळणाऱ्यांनी मांडीचा आतला भाग आणि मागचा भाग वेगळा तयार करावा. जांघेत भरणं आणि गुडघा दुखावणं या दोन्ही तक्रारींना तो उपयोगी पडतो.

जोर-बैठकांबद्दल एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. सवय नसताना, किंवा मोठ्या सुट्टीनंतर, ईर्षेने एकाच दिवशी पाचशे बैठका मारल्या तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरू शकतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. मांड्या सुजून कडक होणं, नेहमीच्या अंगदुखीपेक्षा कितीतरी जास्त वेदना आणि काळ्या चहासारखी लघवी, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, त्यांतल्या अनेक मूत्रपिंडावर आणखी भार टाकतात. वस्ताद लोकांनी नव्या पोराला पन्नासपासून वर नेलं तर त्यात कुणाचाही कमीपणा नाही.

मूठ आणि मान

श्वास ठीक आहे पण बोटं उघडतात, असं असेल तर पकडीचं काम हवं. पण रोज नाही. गीचं रोलिंग म्हणजेच मुठीचा व्यायाम. त्यावर रोज ग्रिपर दाबत बसलात तर कोपराच्या आतल्या बाजूला दुखणं ठरलेलं. आठवड्यातून दोनदा गीला लटकणं, आणि उलट्या दिशेने बोटं उघडण्यासाठी रबर बँड किंवा तांदळाच्या बादलीत मूठ उघडणं-मिटणं, एवढं पुरतं.

मानेसाठी नवख्याने थेट पूल बांधून (डोकं आणि पाय टेकून अंगाची कमान करून) डोलू नये. आधी हाताने चारही बाजूंनी दाब देऊन मान स्थिर धरायची, काही आठवड्यांनी पुढचं.

वजन, खुराक आणि इंजेक्शन

१९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतले तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत रबरी सूट आणि सॉना यांवर बंदी आली. आपल्याकडे मात्र प्लास्टिकचं जॅकेट घालून मे महिन्याच्या उन्हात धावणारी पोरं आजही दिसतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅमने जास्त भरल्या आणि अपात्र ठरल्या. शरीरातलं पाणी काढून गाठलेलं वजन दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठणं किती अवघड असतं, हे त्या सकाळी साऱ्या देशाने पाहिलं. जिउ-जित्सूत तर आयबीजेजेएफचं वजन ऐन पहिल्या लढतीआधी, गीसकट होतं. पाणी परत भरायला वेळच नसतो. चार-पाच आठवडे आधी ज्या वजनावर नीट जेवून राहता येतं, तोच गट निवडा.

सरावाच्या आधी-नंतर वजन करा. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर घाम गेला. पुढच्या काही तासांत त्याहून थोडं जास्त पाणी, मीठासकट, पोटात जायला हवं. दूध-बदाम-तुपाचा खुराक चांगलाच, पण सरावाच्या तासभर आधी तो जड पडतो. तेव्हा पोहे, भात, केळी बरी.

आणि मेफेन्टरमाइन. भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर डॉक्टर हे औषध वापरतात. तेच ‘दमाचं इंजेक्शन’ म्हणून व्यायामशाळांत पोचतं आणि पोलिसांना त्यावर कारवाई करावी लागते. ते दम वाढवत नाही, थकव्याची जाणीव झाकतं, आणि हृदय मर्यादेपलीकडे धावत राहतं. स्पर्धेदरम्यान ते ‘वाडा’च्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, बंदी यादीतही आहे. तुमच्या तालमीत कुणी ते देत असेल, तर तालीम बदला.

स्पर्धेचा आठवडा

शेवटच्या आठवड्यात राहिलेली तयारी भरून काढता येत नाही. व्यायामाचं प्रमाण निम्मं करा, पण वेग उतरू देऊ नका. जड डेडलिफ्ट पाच-सहा दिवस आधी थांबवा. पहिल्या लढतीत गार अंगाने उतरू नका: २०-२५ मिनिटं आधी सुरुवात, कपाळावर घाम, मग दहा-पंधरा सेकंदांचे तीन-चार जोरदार झटके, आणि नाव पुकारेपर्यंत अंगावर जॅकेट. पुकारा लांबला तर तेच झटके पुन्हा, थोडक्यात.