काजूच्या बागेत युरिया पातेऱ्यावर फेकू नका

मृगाच्या सरी झाल्या की कोकणात काजूला खत घालायची लगबग सुरू होते. पण बागेत पसरलेल्या पातेऱ्यावरच (गळून पडलेल्या पानांच्या थरावर) मुठीने युरिया फेकत जायची सवय पडली आहे, ती या हंगामात मोडायला हवी.

खत घालण्याआधी एका जुन्या झाडाखाली बसा आणि पातेरा हाताने उचकटून बघा. वरची पाने जाड, चिवट, तांबूस. खालच्या ओलसर थरात पांढऱ्या बुरशीचे धागे पानापानाला चिकटलेले दिसतील. ते लागलेले पान फिकट पडते आणि बोटांत सहज चुरगळते. पानाला चिवटपणा देणारे लिग्निन फोडायची विकरे (एन्झाइम) मुख्यतः ही बुरशीच सोडते.

जमिनीत इतरही विकरे कामाला असतात. काही पानातले तंतू म्हणजे सेल्युलोज फोडतात, फॉस्फेटेज सेंद्रिय पदार्थातला स्फुरद (फॉस्फरस) मोकळा करते, युरिएज युरियाचा अमोनिया करते. वरून नत्र (नायट्रोजन, युरियातून मिळतो तो) पडले की सगळ्यांचे काम सारखे वाढत नाही. पाईनच्या लागवडी असोत की पानझडी जंगले, नत्र घालून पाहिलेल्या प्रयोगांत बहुधा एकच कल दिसतो: सेल्युलोज फोडणारी विकरे आणि फॉस्फेटेज वाढतात, लिग्निन फोडणारी मात्र मंदावतात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मेपलच्या जंगलांना 1994 पासून दर वर्षी हेक्टरी 30 किलो नत्र देत गेले, तर पाला कुजायचा वेग घटला आणि अर्धवट कुजलेला थर साठत गेला.

आता आपला हिशेब मांडा. पूर्ण वाढलेल्या काजूला वर्षाला 2 किलो युरिया. 7 बाय 7 मीटरवर हेक्टरी 200 च्या आसपास झाडे. म्हणजे 400 किलो युरिया, त्यात 184 किलो नत्र, मिशिगनच्या सहापट. बाग म्हणजे जंगल नव्हे, आपण पीक काढून नेतो, तेव्हा खत द्यावेच लागते. मात्रा कमी करा असे मी सांगत नाही. द्यायची जागा आणि वेळ बदला.

पातेऱ्यात युरिएज भरपूर असते. त्यावर पडलेल्या युरियाचा अमोनिया झपाट्याने होतो आणि बराच हवेत जातो, उरलेला पहिल्या मुसळधार पावसात उतारावरून वाहतो. त्याऐवजी पातेरा बाजूला ओढा, खोडापासून साधारण 1.5 मीटरवर 25 सेंटीमीटर रुंद आणि 15 सेंटीमीटर खोल गोल चर काढा. त्यात शेणखत, त्यावर खत, वर माती, आणि मग पातेरा पुन्हा पसरा. उतारावर असाल तर वरच्या अंगाला अर्धगोल चर पुरे. युरियाचे दोन हप्ते करा: एक आत्ता, दुसरा जोराचा पाऊस ओसरल्यावर, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात. कलमे लहान असतील तर वयाच्या मानाने कमी.

स्फुरदाचे खत, सिंगल सुपर फॉस्फेट, मात्र टाळू नका. पैसे कमी पडले की नुसता युरिया घालून भागवणारे पुष्कळ आहेत. नत्र वाढले की झाड आणि सूक्ष्मजीव स्फुरदासाठी फॉस्फेटेज जास्त सोडतात, पण आपल्या जांभ्या मातीतले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात. मोठ्या झाडाला दीड किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि अर्धा किलो म्युरेट ऑफ पोटॅश ही नेहमीची मात्रा पाळा. शेणखत अपुरे असेल तर बांधावरच्या गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) कोवळा पाला चरात दाबा, तो लवकर कुजतो. आणि तरवा (भाताच्या रोपांची जागा) भाजायला बागेतला सगळाच पातेरा नेऊ नका.

वर्षानुवर्षे युरिया घातलेली जमीन आणखी आम्ल होते, म्हणून खत घालण्याआधीच मातीचा नमुना काढून तपासायला द्या. अहवालात सामू (पीएच) फारच कमी आला तरच सांगितलेल्या प्रमाणात चुना घाला, पण युरियासोबत कधीही नको. दोन्ही एकत्र आले की अमोनिया उडून जातो, दोहोंत दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवा.