गेलिक टीमशी हायब्रिड नियमांनी खेळायला आयर्लंडला जाताय? मग तयारी अशी करा

ऑस्ट्रेलियन फुटबॉलची टीम घेऊन आयर्लंडला जायचं आणि गेलिकवाल्यांशी (गेलिक म्हणजे आयर्लंडचा स्वतःचा फुटबॉल) दोन्ही खेळांच्या मधल्या नियमांनी खेळायचं, ही परंपरा चांगली जुनी आहे. 1967 मध्ये हॅरी बाइट्झेल यांनी गलाह्स नावाची टीम नेली, कॅप्टन रॉन बरासी, आणि त्याच वर्षी ऑल-आयर्लंड (काउंटी म्हणजे जिल्ह्यांच्या टीमची गेलिक स्पर्धा) जिंकलेल्या मीथ काउंटीला त्यांनी थेट डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर हरवलं. पुढच्या वर्षी मीथवाले ऑस्ट्रेलियात येऊन परतफेड करून गेले. दोन देशांमधली अधिकृत सिरीज 1984 मध्ये सुरू झाली. म्हणजे शिकायला भरपूर आहे.

सगळ्यात आधी बॉल. तो गोल असतो, आणि निम्मी मॅच इथेच ठरते. लांबट बॉल टोकाजवळ हाणायची सवय लागलेला पाय गोल बॉलवर फसतोच, बॉल बाहेरच्या बाजूला वळत जातो आणि खेळाडूला कळत नाही की चुकलं कुठे. त्यामुळे निघायच्या कितीतरी आठवडे आधी गोल बॉल मागवा आणि किकिंगची प्रॅक्टिस फक्त त्यावरच करा, लांबट बॉल कपाटात. बुटाच्या लेसवर स्वच्छ बसवायचा, फॉलो-थ्रू सरळ, आधी जवळून आणि मग हळूहळू मागे सरकत. ओला बॉलही वापरा, कारण असे दौरे बहुतेक ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतात आणि तेव्हा तिथे पाऊस असतो.

आता स्कोअर. क्रॉसबारखाली नेटमध्ये गेला तर 6, बारवरून गेला तर 3, मोठा पोल आणि बाजूचा छोटा पोल यांच्या मधून गेला तर 1. बोर्डावर 2-10-5 दिसलं तर 12 अधिक 30 अधिक 5, म्हणजे 47. बघा, त्यातले 30 बारवरूनच आलेत. फॉरवर्डना हे डोक्यात पक्कं बसवा, सहाच्या मागे धावत बॉल घालवण्यापेक्षा मार्क घ्यायचा (किकने आलेला बॉल हवेतच झेलायचा, त्यावर फ्री किक मिळते), श्वास घ्यायचा आणि तीन घ्यायचे.

गोलकीपर हा प्रकार तुमच्या खेळात नाहीच, म्हणून उंच आहे एवढ्यावर कुणालाही तिथे उभं करू नका. लहानपणी सॉकर खेळलेला कुणी असेल तर त्याला तयार करा, आणि शॉट अडवण्याइतकाच वेळ त्याच्या किक-आउटवर द्या, कारण स्कोअर झाला की खेळ त्याच्याच किकने सुरू होतो आणि वाईट किक म्हणजे समोरच्यांना फुकटचे तीन.

तुमचं हत्यार म्हणजे टॅकल. गेलिकमध्ये खांद्याला खांदा चालतो पण धरून पाडणं चालत नाही, त्यामुळे पकडलं गेल्यावर काय करायचं याची सवय त्यांना नसते. पण इथेच सगळ्यात जास्त सांभाळायचं. 2006 च्या सिरीजमध्ये इतकी मारामारी झाली की 2007 ची सिरीज रद्दच केली. समोरचे खेळाडू हौशी आहेत, काउंटीचा स्टार असला तरी सोमवारी कामावर जातो, त्याला फिरवून आपटायचा अधिकार तुम्हाला नाही. खांद्याच्या वर हात गेला की त्या खेळाडूला बाहेर बसवा, मग तो कितीही भारी असो.

नियम मात्र आधीच लिहून घ्या, फोनवर ठरलं यावर जाऊ नका. किती खेळाडू (तुम्ही 18 ने खेळता, ते 15 ने), क्वार्टर किती मिनिटांचा, बॉल घेऊन किती धावायचं, बाउन्स किती वेळा, सलग हँडपास (हाताने मारून दिलेला पास) किती, जमिनीवरचा बॉल थेट उचलायचा का, कारण गेलिकमध्ये तो पायानेच वर घ्यावा लागतो. रेफ्री दोन ठेवा, दोन्हीकडचा एकेक.

मैदान चौकोनी आहे, लांबी 130 ते 145 मीटर, रुंदी 80 ते 90. तुमच्या ओव्हलवर, म्हणजे लंबगोल मैदानावर, कॉर्नरच नसतात, त्यामुळे तिथे अडकलेला खेळाडू बॉल घेऊन उभाच राहतो, म्हणून कॉर्नरमधून बाहेर पडायचे दोन-तीन पास आधीच बसवून ठेवा. जवळपास ओव्हलच मिळतं असेल तर त्यावरच चौकोन आखून घ्या.

आणि वेळापत्रक बनवताना पहिली मॅच एखाद्या गावच्या क्लबशी ठेवा, काउंटी टीम शेवटी. विमानातून उतरल्यावर मध्ये काही दिवस मोकळे सोडा, तेवढ्यात तिथल्याच मैदानावर किकिंग करून घ्या.